कर्जाचे जोखड आणि काटकसरीचा स्वाभिमान

आमच्या वस्त्यांमध्ये आज दोन प्रकारच्या बैठका भरतात. एक धम्मवंदनेची आणि दुसरी हप्ता वसुलीची. पहिल्या बैठकीला दहा-पंधरा माणसे जमली तरी आम्ही समाधान मानतो. दुसऱ्या बैठकीला मात्र एकही बाई गैरहजर राहू शकत नाही. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि तोपर्यंत कुणी उठायचे नाही. ज्या विहाराच्या ओट्यावर सायंकाळी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, त्याच ओट्यावर सकाळी आमच्या माय-बहिणी मान खाली घालून बसलेल्या दिसतात. हे चित्र आंबेडकरी चळवळीला शोभणारे आहे काय? याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न केवळ आमच्या वस्तीपुरता नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील आर्थिक स्थैर्य अहवालानुसार देशातील कुटुंबांवरील कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४२ टक्के झाले आहे. त्यातील निम्म्याहून अधिक कर्ज घरबांधणीखेरीजचे, आणि बहुतांशी उपभोगासाठी घेतलेले आहे. म्हणजे ज्यातून उद्या काही उभे राहील असे ते नाही. आज वापरून संपणाऱ्या गोष्टींसाठी ते घेतले गेले. २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील १०० पैकी ३५ कुटुंबे कर्जबाजारी आढळली होती, आणि ग्रामीण कर्जाचा सुमारे एक तृतीयांश भाग बँक वा संस्थेबाहेरचा, म्हणजे सावकार, सोयरे, दुकानदार यांचा होता. त्यानंतर २०२० ची महामारी आली. हातचे काम गेले, साठवलेले संपले आणि मोबाईलवर बोट ठेवताच कर्ज देणारी नवी सावकारी घराघरात शिरली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला विनातारण ग्राहक कर्जांवर लगाम घालावा लागला. बँकांचा पैसा बुडू नये याची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. आमचे घर बुडू नये याची काळजी आम्हालाच घ्यावी लागणार आहे.

कर्ज आणि गुलामगिरी यांचे नाते आमच्या समाजाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आजही मराठवाड्यातला ऊसतोड कामगार उचल घेतो तेव्हा तो नवरा-बायकोचा मिळून एक कोयता गहाण टाकतो. उचल फिटेपर्यंत मुकादम सांगेल त्या फडात जायचे, पोरांची शाळा सोडून जायचे. वीटभट्टीवर तीच गत आहे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, परंतु कायद्याने तोडलेली बेडी कर्जाच्या रूपाने पुन्हा पायात पडते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकाराच्या घरातून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. आज जाळायला रोखाच हाती लागत नाही. तो मोबाईलमध्ये असतो आणि त्याच्या खाली आमचाच अंगठा असतो.

आता काटकसरीचे बोलू. गरिबाला काटकसर शिकवणारा माणूस दिसला की आमच्या मनात शंका येते आणि ती योग्यच आहे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या आम्हाला उष्टे-खरकटे दिले, त्यांनीच साधेपणाची महती सांगावी यापेक्षा मोठा ढोंगीपणा कोणता? परमपूज्य बाबासाहेबांनी गांधीवादी साधेपणाचा बुरखा फाडला तो याचसाठी. तथागत बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, हेही बाबासाहेबांनी आम्हाला ठासून सांगितले. तेव्हा आम्ही येथे दारिद्र्याचे गोडवे गाण्यासाठी बसलेलो नाही. कंत्राटी पद्धतीने कापलेली मजुरी, खासगी दवाखान्याचे बिल आणि शिक्षणाचा बाजार ही आमच्या कर्जाची खरी मुळे आहेत. त्याविरुद्धचा लढा रस्त्यावर आणि न्यायालयात चालूच राहील. पण तो लढा जिंकेपर्यंत सोमवारचा हप्ता थांबत नाही. आणि ज्याच्या दारात वसुलीवाला उभा आहे तो मोर्चात येऊ शकत नाही, संघटनेची वर्गणी देऊ शकत नाही, निवडणुकीच्या आदल्या रात्री आलेली नोट ताठ मानेने परत करू शकत नाही. आम्ही काटकसरीचा विचार मांडतो तो या अर्थाने. ती आमच्या स्वातंत्र्याची शिदोरी आहे.

बाबासाहेबांनी कर्ज घेतले नव्हते काय? जरूर घेतले होते. १९२० साली ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढीच त्यांची पुंजी होती. लंडनमध्ये त्यांनी पोटाला चिमटा घेतला आणि मुंबईत परळच्या चाळीत माता रमाईने एकेक पैसा मोजून संसार रेटला. त्या कर्जातून काय निघाले? अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी, बॅरिस्टरी आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ! ज्या माणसाने देशाच्या रुपयाचा हिशेब मांडला त्याच्या अनुयायाला स्वतःच्या घरच्या रुपयाचा हिशेब मांडता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट नाही का? मुद्दा कर्ज घ्यावे की न घ्यावे हा नाहीच. ते कशासाठी घेतले, आणि त्यासाठी कोणता खर्च तोडला, हा खरा मुद्दा आहे.

धम्मात याची स्पष्ट शिकवण आहे. अनाथपिंडिकाला उपदेश करताना बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यातले एक अनणसुख, म्हणजे कुणाचेही देणे नसल्याचे सुख. कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि अखेरीस बंधन अशी दुःखाची साखळीही त्यांनी दाखवून दिली. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. दीघजाणूला केलेल्या उपदेशात तराजूची उपमा आहे. आवक आणि जावक तराजूत घालून पाहावी. चैनही नको आणि चिक्कूपणाही नको. हाच गृहस्थाचा मध्यम मार्ग! तो प्रवचनात ऐकायचा आणि घरी येऊन हप्त्यावर टीव्ही घ्यायचा, असे आमचे चालले आहे.

आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाचा हिशेब येथे देतो. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. वाचकांना तो आपल्याच शेजारचा वाटेल. नवरा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी चालक, पगार १४,००० रुपये. बायको दोन घरी पोळ्या करते, ५,००० रुपये. मोठा मुलगा दुचाकीवरून घरपोच सामान पोहोचवतो आणि घरात ६,००० देतो. एकूण २५,०००. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी खासगी सावकाराकडून शेकडा ५ रुपये महिना दराने १ लाख घेतलेले. त्याचे नुसते व्याजच महिन्याला ५,००० रुपये. दोन गटांचे हप्ते मिळून ४,६००, टीव्ही आणि मोबाईलचा हप्ता ३,१००, दुचाकीचा ३,३००. एकूण १६,००० रुपये दर महिन्याला! उरले ९,०००. घरखर्च मात्र १३,५०० रुपये. म्हणजे दरमहा ४,५०० रुपयांचा खड्डा, तो भरण्यासाठी किराणा दुकानात उधारी आणि तिसऱ्या गटाचा अर्ज. धाकटी मुलगी बारावीत होती. तिला कॉलेजातून काढून कपड्यांच्या दुकानात उभे करायचे, असे घरात जवळपास ठरले होते. आमच्याकडे ते आले होते ते सावकाराची नोटीस घेऊन. मुलीची गोष्ट बोलता बोलता बाहेर आली.

आम्ही त्यांना कायदा सांगण्याआधी एक शंभर पानी वही आणायला लावली. महिनाभर घरातल्या प्रत्येकाने खर्च लिहायचा, बापानेही आणि पोरानेही. खर्चाचे तीन रकाने केले: पोटाचा, पोरांच्या शिक्षणाचा आणि मिरवण्याचा. महिन्याअखेर वहीनेच निकाल दिला. दारू, गुटखा, तंबाखू मिळून २,१०० रुपये. रविवारचे बाहेरचे खाणे ९००. उधारीमुळे मिळेल त्या भावाने घेतलेला माल आणि पुड्यांतला खाऊ यांत ९०० रुपये जास्तीचे. एकाच घरात तीन मोबाईलचे मोठे रिचार्ज आणि केबल, त्यातले ६०० वाचण्यासारखे. बेरीज करा, बरोबर ४,५०० होते. खड्डा नेमका तेवढाच होता! शिधापत्रिकेवर दोन मुलांची नावेच नव्हती, ती चढवून घेतली. त्यामुळे धान्याचाही थोडा भार हलका झाला. मुलीच्या कॉलेजला आणि बसच्या पासाला हात लावायचा नाही, ही आमची एकमेव अट होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरात काटकसर सुरू झाली की ती पहिल्यांदा बाईच्या ताटात होते. तिचे दूध बंद होते, तिचे औषध पुढच्या महिन्यावर जाते, ती शेवटी जेवते आणि उरले तेवढ्यावर भागवते. पुरुषाची बाटली आणि पोराच्या गाडीचे पेट्रोल मात्र चालू राहते. असल्या काटकसरीला आमचा विरोध आहे. स्त्रीच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या महामानवाच्या लेकरांनी तरी काटकसरीची सुरुवात पुरुषाच्या खिशापासून करावी. पंचशीलातील पाचवे शील रोज म्हणणाऱ्याने २,१०० रुपयांचा तो रकाना कोरा ठेवला, तर धम्म आणि हिशेब दोन्ही एकदम सुधारतात.

वहीने खड्डा बुजवला, पण सावकाराचे मुद्दल तसेच होते. तेथे कायदा उपयोगी पडला. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि तारण नसेल तर १८ टक्के, तर शेतकऱ्याला अनुक्रमे ९ आणि १२ टक्के असा दर शासनाने २०१४ मध्ये ठरवून दिला. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. आमचा हा सावकार शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के घेत होता आणि त्याच्याकडे परवानाही नव्हता. अशा माणसाच्या दाव्यात न्यायालय हुकूमनामा देत नाही. कुटुंबाने १४ महिन्यांत ७०,००० रुपये व्याज भरले होते. वर्षाला १८ टक्क्यांनी धरले तरी व्याज २१,००० रुपये होते. उरलेले ४९,००० मुद्दलात जमा धरायला हवेत. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करण्याची तयारी दिसताच सावकार बोलणीवर आला. ५०,००० रुपये दहा हप्त्यांत, आणि कोरे चेक व कोरा मुद्रांक परत, असे लेखी ठरले.

सातव्या महिन्यात टीव्ही-मोबाईलचा हप्ता संपला, दहाव्या महिन्यात सावकार संपला. १६,००० चे ७,९०० राहिले. मुलगी बारावी पास झाली आणि आज पदवीच्या वर्गात आहे. या घरात चमत्कार झालेला नाही. पगार वाढला नाही, लॉटरी लागली नाही. वही, पाचवे शील आणि कायदा, एवढेच त्यांच्या हाती होते.

कायद्याच्या आणखी काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. गटाच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे कर्ज देताच येत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. उशीर झाल्यास दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नाव जाहीर करणे यांना मनाई आहे. मोबाईलवरील कर्जाच्या अ‍ॅपला आमच्या फोनमधील नंबरांची यादी घेण्याचा अधिकार नाही. बँक वा वित्त कंपनीने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याचा क्रमांक १४४४८ आहे.

आणि सर्वात महत्त्वाचे, कर्ज थकले म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. पैसे असूनही बुडवण्याची लबाडी नसेल तर केवळ गरिबीमुळे ऋणकोला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांवर दिवाणी जप्ती येत नाही. मात्र चेक न वटल्यास फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून कोरा चेक सही करून देऊ नये. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करावा. पण एक सावधगिरीची सूचना. मित्राने, भावकीने अडीनडीला दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे. ते पै न पै फेडलेच पाहिजे. कायद्याची ढाल अन्यायाविरुद्ध वापरायची असते, विश्वासाविरुद्ध नव्हे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. त्या कुटुंबाचे सर्वात महागडे कर्ज कशाचे होते? लग्नाचे! सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच भटजीशिवाय अल्प खर्चात विवाह लावून दाखवला. बौद्ध विवाहविधी साधा आहे. त्यात होम नाही, सप्तपदी नाही, हे बाबासाहेबांनी १९५६ साली लिहून कळवले. आमच्या आधीच्या पिढीने विहारासमोरच्या मोकळ्या जागेत, पांढऱ्या वस्त्रांत, बुद्ध-भीमाच्या प्रतिमेसमोर लग्ने लावली. आज काय दिसते? विधी वीस मिनिटांचा बौद्ध आणि बाकी दोन दिवस सगळे उसने. हळदीला डीजे, मंगल कार्यालय, मानपान, घोडा. ज्यांची संस्कृती सोडली त्यांचा थाट मात्र आम्ही कर्ज काढून विकत घेतला.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वेगळे काढत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरच्या लग्नात आम्ही मंचावर साध्या विवाहावर भाषण केले आणि खाली पाचशे पानांची पंगत उठत होती. त्या पंगतीचे पैसे फेडायला आम्हाला पुढची दोन वर्षे लागली. वकिली करणाऱ्याला जे झेपले नाही, ते कंत्राटी मजुराला कसे झेपावे? पण त्यानेही आमचेच पाहून पंगत घातली. कार्यकर्ता बोलतो ते लोक ऐकतात, पण तो करतो तसे वागतात. हा दोष आमचा आहे.

म्हणूनच आमचे स्पष्ट मत आहे की काटकसर ही एकट्या घराची गोष्ट नाही. एकट्याने साधे लग्न केले तर तो कंजूष ठरतो, मुलीकडच्यांची मान खाली जाते, सोयरीक मोडते. सर्वांनी मिळून केले तर ती रीत होते. किराणा आणि रिचार्ज घरात तोडता येतो. लग्न, घरभरणी, पुण्यानुमोदन यांचा खर्च मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर होतो, तो लोकांनीच तोडला पाहिजे. प्रत्येक विहाराने ठराव करावा: लग्न विहारात किंवा समाजमंदिरात, एकाच दिवशी, ठराविक पानांची पंगत, हळदीचा डीजे नाही. ठरावावर पहिली सही विहार समितीच्या पदाधिकाऱ्यांची आणि पहिले लग्न त्यांच्या घरचे. मोठी भांडी, सतरंज्या, ध्वनिक्षेपक विहाराने एकदा विकत घ्यावेत आणि सर्वांना वापरू द्यावेत. १४ एप्रिलच्या वर्गणीतून आवाजाच्या भिंतींवर जाणारी रक्कम निम्मी केली तरी वस्तीतल्या दोन-चार मुलांची परीक्षा फी भरता येईल. जयंतीची शोभा त्याने कमी होणार नाही. महिन्यातून एकदा वकील बंधू-भगिनींनी विहारात बसावे आणि कर्जाचे कागद तपासावेत. आमच्यासारखे अनेक जण यायला तयार आहेत. दवाखान्याच्या खर्चासाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, आणि शिक्षणासाठी जाण्याआधी शिष्यवृत्ती वा स्वाधार योजना मिळते का, हे सांगणारा एक तरुण प्रत्येक विहारात असावा.

त्या कुटुंबाची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मधल्या काळात मोठ्या मुलाचे लग्न ठरले. मुलीकडच्यांना आधी साधे लग्न पसंत नव्हते. वस्तीतले चार ज्येष्ठ आणि दोन महिला मंडळाच्या बायका त्यांच्याकडे जाऊन आल्या. लग्न विहारात झाले, पंगत दीडशे पानांची झाली आणि कर्ज एक रुपयाचे झाले नाही. त्या आईने आम्हाला ती जुनी वही दाखवली. मिरवण्याच्या रकान्यात तिने फक्त नवरीच्या पांढऱ्या साडीची किंमत लिहिली होती.

धम्मबांधवांनो, आमच्या पूर्वजांनी वतनाचा तुकडा नाकारला तेव्हा त्यांच्या घरात दुसऱ्या दिवशीचे धान्य नव्हते. तरीही त्यांनी तो नाकारला, कारण त्या तुकड्यामागची गुलामी त्यांना दिसत होती. हप्त्यावर आलेल्या वस्तूमागची गुलामी आम्हाला दिसत नसेल तर दोष आमच्या डोळ्यांचा आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जाताना प्रत्येक घराने एक वही न्यावी. पहिल्या पानावर कुणाचे किती देणे आहे ते लिहावे, लपवू नये. कर्जाची लाज बाळगण्याचे कारण नाही. ते तसेच पोरांच्या माथी ठेवून जाण्याची लाज बाळगू या.

जयभीम!